जुनी पेट्रोल जीप: टॅपेट सेट केले, डेल्कोतलं सगळं बदललं, तरी गरम झाल्यावर मिसिंग

जुन्नरचा_जीपवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. पोस्ट लांब होणार, सांभाळून घ्या.

आमच्याकडे आजोबांची महिंद्राची पेट्रोल जीप आहे, उंच बॉनेटवाली सीजे-३बी, इंजिन मूळचंच आहे, चार सिलिंडरचं हरिकेन. आमच्या भागात ज्यांच्या ज्यांच्याकडे जीप होत्या त्या सगळ्यांनी केव्हाच डिझेल इंजिनं बसवून घेतली पण आजोबांनी हे इंजिन कुणाला काढू दिलं नाही आणि ते गेल्यावर वडलांनी पण नाही. आता गाडी माझ्याकडे आलीये आणि मला ती नीट चालवायचीये, शोभेला अंगणात उभी करायची नाहीये.

प्रॉब्लेम असा की सकाळी थंड असताना एकदम मस्त सुरू होते, आवाज पण छान, पण दहा-बारा किलोमीटर गेलं की स्लोवर मिसिंग चालू होतं, धप-धप-धप-(गॅप)-धप असं. स्पीडला असताना एवढं कळत नाही पण घाटात पिकअप मेल्यासारखा वाटतो. आणि गरम असताना बंद केली तर अर्धा तास सुरूच होत नाही, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते.

आत्तापर्यंत प्लग, सीबी पॉइंट, कंडेन्सर, कॉईल, डेल्कोची (प्लगना करंट वाटणारा डबा) टोपी, रोटर, एचटी वायरी सगळं नवीन टाकलं. कार्बुरेटर दोनदा साफ केला. पॉइंट तर तिसऱ्यांदा बदललेत, दर पंधरा-वीस दिवसांनी जळून काळे पडतात. शेवटी एका गॅरेजात टॅपेट (म्हणजे वॉल्वचे गॅप) सेट करून घेतले, मी समोरच उभा होतो, त्यांनी वरचं कव्हर काढलं, चार टॅपेट सेट केले आणि कव्हर लावून टाकलं. मी विचारलं चार सिलिंडरला आठ वॉल्व पाहिजेत ना, मग रॉकर चारच कसे, तर म्हणाले जुन्या गाडीला असंच असतं. गॅप विचारला तर इनलेट दहा एक्झॉस्ट बारा, सगळ्या गाड्यांना हाच असतो म्हणे.

माझे प्रश्न: १) बाकीचे चार वॉल्व कुठेत? २) डेल्कोतला कुठला पार्ट काय करतो हे कुणी साध्या भाषेत सांगेल का, कारण आत्तापर्यंत मी नुसते पार्ट बदलत सुटलोय आणि नेमकं काय बिघडलंय ते मला अजून कळलेलं नाही. ३) आधी काय सेट करायचं, टॅपेट की टायमिंग?

---

कोल्हापुरी_पाना

भावा पॉइंटच्या भानगडीत पडूच नको बघ. इलेक्ट्रॉनिक किट टाक, पॉइंट नको कंडेन्सर नको, कटकट मिटली. मी माझ्या जुन्या गाडीला टाकलंय, दोन वर्षं झाली डेल्कोची टोपी उघडली नाही.

---

टॅपेट_काका

किटचं नंतर बघू. आधी गाडीला काय झालंय ते तरी बघा.

जुन्नरकर, तुमचा पहिला प्रश्नच बरोबर आहे आणि उत्तर पण त्यातच आहे. चाळीस वर्षं हेच काम केलंय, त्यातली पहिली पंधरा जीपवरच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं इंजिन एफ-हेड आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला जे इंजिन होतं त्यात आठही वॉल्व ब्लॉकमध्ये बाजूला उभे असायचे. पुढे विलीजने, म्हणजे जीप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीने, त्याच ब्लॉकवर नवीन हेड आणलं, इनलेट वॉल्व वर हेडमध्ये नेले, मोठे केले, त्यांना पुश रॉड आणि रॉकर दिले, आणि एक्झॉस्ट वॉल्व होते तिथेच ब्लॉकमध्ये ठेवले. त्यामुळे इंजिन उंच झालं, म्हणून १९५३ मध्ये आलेल्या सीजे-३बीचं बॉनेट उंच आहे. तेच मॉडेल महिंद्राने इथे कितीतरी वर्षं बनवलं. २१९९ सीसी, बोअर सव्वातीन इंचाला एक सूत कमी, स्ट्रोक चार इंच तीन सूत. लांब स्ट्रोकचं, कमी आरपीएमला ओढणारं इंजिन आहे.

तर वर दिसले ते चार फक्त इनलेट. एक्झॉस्टचे चार टॅपेट ब्लॉकच्या बाजूला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली जे पत्र्याचं झाकण आहे त्याच्या आत. जागा अडचणीची, मॅनिफोल्ड गरम, पॅकिंग फाटतं, ऑईल हातावर येतं, म्हणून बरेच जण ते उघडतच नाहीत. मला वाटतं तुमच्या गाडीचं ते झाकण कित्येक वर्षांत उघडलेलं नसणार.

आता हे महत्त्वाचं. रॉकर झिजतो, पुश रॉडचं टोक झिजतं, तसा वरचा गॅप वाढत जातो आणि टक-टक आवाज येतो. आवाज आला की माणूस गॅरेजात जातो. एक्झॉस्टचं उलटं असतं. गरम गॅस त्याच्यावरूनच जातो, वॉल्व आपल्या सीटमध्ये हळूहळू खाली बसत जातो, आणि वॉल्व खाली बसला की त्याची दांडी टॅपेटच्या जवळ येते, म्हणजे गॅप कमी होतो. आवाज वाढत नाही, उलट इंजिन शांत होतं आणि मालक खूश होतो. थंड असताना दोन-तीन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गॅप शिल्लक असतो म्हणून सकाळी गाडी छान चालते. गरम झाली की दांडी लांबते, गॅप शून्य होतो, वॉल्व पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. तुम्ही जे लक्षण लिहिलंय ते अक्षरशः हेच आहे. आणि वॉल्व सीटवर टेकला तरच त्याची उष्णता हेडला किंवा ब्लॉकला जाते, टेकला नाही तर तो स्वतःच तापून कडेने जळतो. आमचे उस्ताद टॅपेटचा आवाज बंद झालेली गाडी आली की आधी फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पाती) मागायचे.

गॅपचे आकडे लिहून घ्या. इंजिन पूर्ण थंड, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. इनलेट १८ थाऊ, एक्झॉस्ट १६ थाऊ. मिलिमीटरवालं गेज असेल तर ०.४६ आणि ०.४१ च्या आसपास. बऱ्याच गाड्यांना एक्झॉस्टचा गॅप जास्त असतो म्हणून मिस्त्री सवयीने इथे पण उलटं करतात, तसं करायचं नाही. आणि दहा-बारा तर या इंजिनला फारच टाईट झाला. तुमचे इनलेट आत्ता त्या गॅरेजने टाईट करून ठेवलेत, ते पण परत करावे लागणार.

पण उघडण्याआधी खात्री करा. गरम गाडी स्लोवर ठेवून एकेक प्लगची वायर काढून बघा, जी काढल्यावर इंजिनमध्ये काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. हात सांभाळा, रबरी हातमोजा घाला, आणि काढलेली वायर बॉडीला टेकवून ठेवा, हवेत लटकत ठेवली तर कॉईलवर ताण येतो. मग कॉम्प्रेशन घ्या, चारही प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. दुसरी जुनी पद्धत म्हणजे सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरा, फडफडताना मध्येच आत ओढली जात असेल तर एक्झॉस्ट वॉल्व लीक आहे. आकडे इथे टाका.

---

जुन्नरचा_जीपवाला

काका मनापासून आभार, दोनदा वाचलं आणि वडलांना पण वाचून दाखवलं. आजच केलं. तीन नंबरची वायर काढली तर काहीच फरक नाही. बाकीच्या तिन्हीला इंजिन लगेच बसतं. कॉम्प्रेशन (गरम): एक नंबर ११०, दोन १०५, तीन ६०, चार ११२. तीनमध्ये चमचाभर ऑईल टाकून परत घेतलं तर ६५ आलं. कागद पण मध्येच आत ओढला जातोय, वडलांनीच धरला होता.

मग आता हेड खोलायचं का?

---

टॅपेट_काका

थांबा. ऑईल टाकून फारसा वाढला नाही म्हणजे रिंग ठीक, वॉल्वच आहे. हेड आत्ताच खोलू नका, आधी झाकण काढून गॅप बघा. (पुढेमागे खोललंच तर एक लक्षात असू द्या, या हेडचा एक बोल्ट कार्बुरेटरच्या खाली आत लपलेला असतो, तो विसरून पहारीने हेड उचकटलेले लोक मी बघितलेत.)

आता टॅपेटची पद्धत. प्लग चारही काढून ठेवा म्हणजे इंजिन हँडलने हलकं फिरेल. डेल्कोची टोपी काढा पण वायरी टोपीतून काढू नका. क्रँकच्या पुलीवर खाच आहे आणि टायमिंग कव्हरवर खुणा आहेत. हँडल फिरवून खाच टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) खुणेवर आणा आणि रोटर कुठे बघतोय ते बघा. रोटर एक नंबरच्या वायरीकडे बघत असेल तर एक नंबर कॉम्प्रेशनच्या वर आहे, त्याचे दोन्ही वॉल्व बंद, म्हणजे त्याचा वरचा इनलेट आणि खालचा एक्झॉस्ट दोन्ही सेट करा. रोटर चार नंबरकडे बघत असेल तर एक पूर्ण फेरा अजून.

मग हँडल अर्धा फेरा. रोटर पाव फेरा सरकतो, कारण डेल्को क्रँकच्या निम्म्या स्पीडने फिरतो. आता तो तीन नंबरवर आला, तीनचे दोन्ही करा. परत अर्धा फेरा, चार. परत अर्धा, दोन. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे बघा, डेल्को फक्त करंट वाटायचं काम करतो असं नाही, कुठला सिलिंडर कुठे आहे ते पण तोच दाखवतो, फक्त त्याचं टायमिंग आधीपासून थोडंफार जागेवर पाहिजे. शंका असेल तर दुसरी खूण आहे: चार नंबरचा एक्झॉस्ट बंद होता होता इनलेट उघडायला लागतो, त्याला आम्ही रॉकिंग म्हणतो, चार रॉकिंगवर असेल तेव्हा एक सेट करायचा. तीन-दोनची जोडी तशीच.

खालच्या टॅपेटला दोन पातळ पाने लागतील, एकाने टॅपेट धरायचा, दुसऱ्याने स्क्रू फिरवायचा. नेहमीचा जाड पाना तिथे शिरत नाही. आणि झाकण काढल्याबरोबर आतली ऑईल खाली जायची भोकं स्वच्छ फडक्याने बंद करा, नट किंवा वायसर पडला तर सरळ ऑईल चेंबरमध्ये जातो, मग चेंबर काढायची पाळी. काम झाल्यावर फडकी मोजून बाहेर काढा.

गेज ओढताना किंचित अडकत सरकलं पाहिजे. घट्ट ओढावं लागलं तर टाईट, नुसतं पडतंय तर लूज. वरचे करताना लॉकनट आवळला की गॅप बदलतो, आवळल्यावर परत बघायचं, हे दहापैकी आठ जण करत नाहीत. रॉकरचं तोंड झिजून खोलगट झालं असेल तर सपाट गेज त्या खड्ड्यावरून पूल टाकल्यासारखं जातं, गेज १८ सांगतं आणि खरा गॅप २३-२४ असतो. म्हणून सेट करून पण एखादा वाजत राहिला तर त्याचं तोंड बघा.

क्रमाबद्दल: आधी टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग, सगळ्यात शेवटी कार्बुरेटर. उलटं केलं तर प्रत्येक वेळी मागचं काम बिघडतं.

डेल्कोचं कुणीतरी दुसऱ्याने सांगा, माझं बोट दुखायला लागलं टाईप करून.

---

ऑटोइलेक्ट्रिक_सांगली

काका मी सांगते. वडलांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, मी दहावीपासून बेंचवर बसते, डेल्को एवढ्या खोलल्यात की आकडा सांगता येणार नाही.

आधी नावाचं, कारण गिऱ्हाईक नेहमी विचारतात. खरं नाव डिस्ट्रिब्युटर. डेल्को ही अमेरिकेतली कंपनी, चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ मध्ये डेटन गावात काढलेली, डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, त्याची अक्षरं घेऊन डेल्को. पॉइंट, कॉईल आणि डिस्ट्रिब्युटरची ही बॅटरीवरची पद्धत केटरिंगचीच. कंपनीचं नाव पार्टला चिकटलं ते आपल्याकडे अजून तसंच आहे, कुठल्याही कंपनीचा असू दे, मिस्त्री डेल्कोच म्हणणार.

आता आत काय होतं ते. टोपीच्या आत मधल्या शाफ्टवर चार कोपऱ्यांचा कॅम असतो. पॉइंट म्हणजे एक साधा स्विच आहे, कॅमचा कोपरा आला की उघडतो, गेला की बंद होतो. बंद असताना बॅटरीचा करंट कॉईलच्या जाड वाइंडिंगमधून वाहतो आणि कॉईलमध्ये चुंबकाची ताकद साठते. पॉइंट उघडला की करंट तुटतो, ती ताकद एकदम कोसळते आणि बारीक वाइंडिंगमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात. म्हणजे स्पार्क पॉइंट उघडताना पडतो, बंद होताना नाही. हे डोक्यात बसलं की टायमिंग आपोआप कळतं.

कंडेन्सर पॉइंटला समांतर असतो. पॉइंट उघडताना करंट सहजासहजी थांबत नाही, फटीतून उडी मारायला बघतो, ती उडी कंडेन्सर स्वतःत घेतो. त्यामुळे पॉइंट जळत नाहीत आणि मुख्य म्हणजे करंट झटकन तुटतो. कंडेन्सर गेला तर पॉइंटवर निळा लोळ दिसतो आणि प्लगवर पिवळट मरतुकडा स्पार्क. तो साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरॅडचा असतो. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी झाली असेल तर कंडेन्सर त्या कॉईलला जुळत नाही असं समजायचं.

मग कॉईलमधला हाय टेन्शन टोपीच्या मधोमध येतो, तिथे स्प्रिंगवर कार्बनचा छोटा तुकडा असतो तो रोटरला टेकतो, रोटर फिरत फिरत चार खुंट्यांना वाटत जातो. टोपीला आतून पेन्सिलने रेघ मारल्यासारखी काळी बारीक नक्षी दिसली तर टोपी क्रॅक, पावसाळ्यात हमखास. रोटरला बारीक तडा असेल तर स्पार्क प्लगपर्यंत न जाता खाली शाफ्टमध्ये उतरतो, आणि हा तडा डोळ्याला दिसत नाही पुष्कळदा. ब्रेकर प्लेटच्या खाली दोन वजनं असतात स्प्रिंग लावलेली, स्पीड वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे ढकलतात म्हणजे स्पार्क लवकर पडतो. गंजून अडकली की पिकअप मरतो. रोटर हाताने फिरण्याच्या दिशेला थोडा पिळून सोडून द्यायचा, आपोआप मागे आला पाहिजे. नसेल येत तर खोलून रॉकेलने धुवून हलकं ऑईल.

आता तुमच्या पॉइंटबद्दल. पंधरा दिवसांत काळे पडतात म्हणजे करंट जास्त जातोय. नवीन कॉईल कुठली टाकली? मल्टिमीटर ओहमवर ठेवून, वायरी काढून, कॉईलच्या दोन छोट्या टर्मिनलमध्ये मोजा. तीन ओहमच्या आसपास पाहिजे. दीड आला तर ती बॅलास्ट रेझिस्टन्सवाल्या (कॉईलच्या आधी करंट कमी करायला वेगळा रेझिस्टन्स असलेल्या) गाडीची कॉईल आहे. १२ व्होल्टला तीन ओहम म्हणजे चार अँपिअर, दीड ओहम म्हणजे आठ. डबल करंट पॉइंटमधून जाणार, कॉईल तापणार, आणि गरम असताना गाडी सुरू होणार नाही. दुकानदार बारा व्होल्टची कॉईल मागितली की हाताला येईल ती देतो, आमच्याकडे अशा दहा तरी केस येतात वर्षाला.

---

जुन्नरचा_जीपवाला

ताई, १.६ ओहम!! आणि बॅलास्ट वगैरे काही नाही, वायर सरळ स्विचवरून कॉईलला.

---

ऑटोइलेक्ट्रिक_सांगली

मग अर्धं दुखणं सापडलं. तीन ओहमची कॉईल आणा, किंवा हीच ठेवायची तर मध्ये दीड ओहमचा बॅलास्ट टाका. मी तुमच्या जागी असते तर कॉईलच बदलली असती, जेवढे जोड कमी तेवढं बरं.

पॉइंट बसवताना दोन गोष्टी. एक, गॅप २० थाऊ, म्हणजे ०.५ मिमी, आणि तो पॉइंटची टाच कॅमच्या बरोब्बर कोपऱ्यावर असताना मोजायचा. नवीन पॉइंटवर तेलकट थर असतो, पेट्रोलच्या कपड्याने पुसा, नाहीतर पहिल्याच दिवशी जळतात. फिलर गेज पण ऑईलने बरबटलेलं तिथे घालू नका, टॅपेटचं काम करून तोच हात डेल्कोत घालतात लोक. दोन, कॅमला गव्हाच्या दाण्याएवढं ग्रीस लावा. कोरडा ठेवला तर टाच झिजते, टाच झिजली की गॅप कमी होतो, आणि गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतो म्हणजे टायमिंग पण मागे जातं. आणि जास्त ग्रीस लावलं तर उडून पॉइंटवर बसतं.

ड्वेल मीटर (पॉइंट किती डिग्री बंद राहतो ते दाखवणारं) मिळालं तर उत्तम, ४२ डिग्री. चार कोपरे म्हणजे प्रत्येक स्पार्कच्या वाट्याला ९० डिग्री, त्यातले ४२ पॉइंट बंद, बाकी उघडा. इंजिन तीन हजारावर असेल तर सेकंदाला शंभर स्पार्क, म्हणजे कॉईलला भरायला पाच मिलिसेकंद पण मिळत नाहीत. थोडा गॅप इकडेतिकडे झाला की हाय स्पीडला का मिसिंग येतं ते यावरून लक्षात येईल. ड्वेलचा काटा नाचत असेल तर शाफ्टचा बुश गेलाय, शाफ्ट हाताने आडवा हलवून बघा, लटलट हलत असेल तर नुसते पॉइंट बदलून उपयोग नाही, बुश टाकायला लागेल.

---

कोल्हापुरी_पाना

ताई बरोबर सांगतीय पण मी किटवर ठाम आहे. एवढं सगळं दर पाच-सहा हजार किलोमीटरला कोण करणार सांगा की.

---

ऑटोइलेक्ट्रिक_सांगली

दादा किट वाईट नाही, मी स्वतः बसवून देते लोकांना. पण बुश गेलेल्या डेल्कोवर बसवलं तर किटचा पण गॅप हलणार, आणि यांच्या केसमध्ये तर तीन नंबरचं कॉम्प्रेशनच नाही, कुठलं पण किट टाका तो सिलिंडर मेलेलाच राहणार. आणि हे नाणेघाटाकडे फिरणारे लोक, पॉइंट बंद पडला तर रस्त्यावर पॉलिश पेपर मारून घरी येता येतं. किट गेलं तर तिथे काय करणार? आधी गाडी पॉइंटवर नीट चालू दे, मग काय टाकायचं ते टाका.

---

कोल्हापुरी_पाना

हे मात्र पटलं. एक जुना पॉइंट-कंडेन्सरचा सेट डिकीत ठेवायलाच पाहिजे, मी पण ठेवतो.

---

टॅपेट_काका

टायमिंगचं राहिलं ते लिहितो. टायमिंग लाईट नसली तरी १२ व्होल्टचा बल्ब चालतो. एक नंबर कॉम्प्रेशनला आणा आणि खाच टीडीसीच्या पाच डिग्री आधीच्या खुणेवर थांबवा. हँडल नेहमी पुढच्या दिशेलाच फिरवा, खुणेच्या पुढे गेलात तर मागे आणून खुणेवर ठेवू नका, बराच मागे घेऊन परत पुढून या, नाहीतर गिअरची ढील मध्ये येते. बल्बची एक वायर कॉईलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. स्विच ऑन. डेल्कोचा क्लॅम्प ढिला करून बॉडी रोटरच्या दिशेने फिरवा म्हणजे बल्ब विझेल, मग उलट दिशेने हळूहळू आणा, बल्ब पेटला त्या क्षणी थांबा आणि क्लॅम्प आवळा. काम झालं की स्विच लगेच बंद करा, पॉइंट बंद राहून स्विच चालू राहिला की कॉईल भाजते.

या जीपचा रोटर वरून बघितला तर घड्याळाच्या उलट फिरतो, वायरी पण त्याच दिशेने १-३-४-२ लावायच्या. दुसऱ्या गाडीच्या सवयीने घड्याळाच्या दिशेने लावल्या की तीन आणि दोनची अदलाबदल होते आणि गाडी कार्बुरेटरमधून फटाके फोडते.

अजून एक. या इंजिनचा डेल्को ऑईल पंपाच्या शाफ्टवरून फिरतो. कुणी ऑईल पंप काढला आणि दात मोजून परत बसवला नाही तर टायमिंग कितीही केलं तरी डेल्को फिरवायला जागाच पुरत नाही. तुमचा पंप कुणी काढलाय का ते विचारून घ्या.

---

जुन्नरचा_जीपवाला

दोन रविवार गेले, आता सगळं लिहितो.

बाजूचं झाकण काढायला अख्खी सकाळ गेली, पॅकिंग दगड झालं होतं. तीन नंबरच्या एक्झॉस्टला दोन थाऊचं पातं पण जात नव्हतं, थंड असताना! चार नंबरला सहा, एकला नऊ, दोनला दहा. चारही १६ ला आणले. तीन नंबरचा स्क्रू फिरवताना हात थरथरत होता कारण तो आयुष्यात कधी फिरलाच नव्हता बहुतेक. वरचे चारही गॅरेजवाल्याने दहावर ठेवले होते ते १८ केले. काका म्हणाले तसं एका रॉकरच्या तोंडाला खड्डा आहे, तो थोडा वाजतोय.

रोटर बघून सिलिंडर ओळखायची ट्रिक वडलांना एवढी आवडली की ते टोपी काढून तिथेच उभे राहिले, मी हँडल मारायचो आणि ते ओरडायचे "तीनवर आला, थांब!"

मग तीन ओहमची कॉईल आणली, नवीन पॉइंट पेट्रोलने पुसून २० थाऊला, कॅमला दाण्याएवढं ग्रीस, बल्बवर टायमिंग पाच डिग्री. शाफ्ट हलवून बघितला, बारीकसा हलतो पण लटलट नाही. वजनं अडकली होती, रॉकेलने धुतल्यावर रोटर पिळून सोडला की झटकन मागे येतो. ऑईल पंप वडलांच्या आठवणीत तरी कुणी काढलेला नाही आणि डेल्कोला दोन्हीकडे फिरायला जागा आहे.

काल आळेफाट्यापर्यंत जाऊन आलो, जाताना वडील चालवत होते. परत आल्यावर स्लोवर ठेवून खाली उतरलो, मिसिंग नाही. बंद केली, पाच मिनिटांनी एका सेल्फमध्ये सुरू. तीन नंबरचं गरम कॉम्प्रेशन आता ९५ आहे, बाकीचे तिघे ११० च्या वर. वडील काही बोलले नाहीत, पण जेवण झाल्यावर परत अंगणात जाऊन गाडी चालू करून दहा मिनिटं नुसते ऐकत उभे होते.

दोन शंका राहिल्यात. तीन नंबर ९५ वरच राहील की हेड काढून वॉल्व घासावा लागेल? आणि बाजूच्या झाकणातून थोडं ऑईल झिरपतंय.

---

टॅपेट_काका

वाचून फार बरं वाटलं. वॉल्वची कड थोडी जळलीय पण सीटवर बसायला लागलाय. पाचशे किलोमीटर चालवा, मग परत गरम कॉम्प्रेशन घ्या. ९५ चे १०० झाले तर हात लावू नका. खाली आलं तर हेड काढून वॉल्व आणि सीट घासून घ्या, तोपर्यंत मोठा घाट टाळा. आणि त्याच वेळी तीनचा एक्झॉस्ट गॅप परत बघा, १६ चा १२-१३ झाला असेल तर वॉल्व अजून खाली बसतोय.

झाकणाला नवीन कॉर्कचं पॅकिंग लावा, झाकणाची कड सपाट दगडावर ठेवून बघा, बोल्टपाशी आत दबलेली असेल तर हातोडीने हलकी सरळ करा. बोल्टच्या डोक्याखालची वायसरं पण बदला, ऑईल बहुतेक तिथूनच येतंय. बोल्ट जोर लावून आवळू नका, कॉर्क बाहेर येतं.

---

ऑटोइलेक्ट्रिक_सांगली

आणि जुनी १.६ वाली कॉईल फेकू नका. दीड ओहमचा बॅलास्ट आणून तिच्यासोबत बांधून गाडीत ठेवा, कधी रस्त्यात नवीन कॉईल गेली तर बॅलास्टसकट लावून घरी येता येईल.

---

जुन्नरचा_जीपवाला

कॉर्क आणि वायसरं आज आणली, कॉईल बॅलास्टसकट सीटखाली बांधली. पाचशे किलोमीटर झाले की आकडे इथेच टाकतो.